मुकीचं सोंग

"हिला आता काही कळत नाही," एफुआताई म्हणाली. "नजर बघा ना हिची. रिकामी आहे नुसती."

चर्चमधल्या डीकनबाई वाकल्या, माझ्या डोळ्यांत डोकावल्या आणि मान हलवत परत स्टुलावर बसल्या.

अगं बये, रिकामी कसली, तुझ्यावरच रोखलीय ती! अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले मी. पण ओरडले ते आतल्या आत. तोंडातून लाळ तेवढी गळली. ताईने ती फडक्याने पुसली आणि पुसता पुसता त्या बाईला म्हणाली, "उद्या सकाळी आमचा चुलतभाऊ गाडी घेऊन येतोय. खाडीपलीकडच्या प्रार्थनेच्या छावणीत नेतो हिला. प्रॉफेट डोक्यावर हात ठेवतील. इथे काय, गोळ्या देतात आणि पाय चोळतात."

म्हणजे उद्या. उद्या सकाळी मला उचलून गाडीत घालणार, आणि मला विचारणार कोणी नाही.

भीतीने माणसाची बोबडी वळते म्हणतात. माझं उलटं झालंय. बोबडी वळलीय म्हणून मी भ्यालेय. ती छावणी मी पाहिलेली आहे, आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला पोचवायला गेले होते. झाडाखाली चटई. उपास. आजार हा कुणीतरी केलेल्या करणीचा किंवा आपल्याच पापाचा, अशी तिथली समजूत. ज्याला बोलता येतं तो पाप कबूल करतो आणि सुटतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने त्याचे नातेवाईक कबूल करतात. त्या म्हाताऱ्याच्या वतीने त्याच्या सुनेने काय काय कबूल केलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. तो बिचारा नुसता डोळे फिरवत होता. त्याला परत आणायला मात्र गाडी कोणी केली नाही.

आणि आमची आई. ताईला आई दिसत नाही का माझ्यात? आईलाही हेच झालं होतं. मासे वाळत घालताना खाली बसली ती बसलीच, आणि जीभ गेली. मग घरात पडून होती. मामा तिच्या उशाशी बसून तिच्या प्रेतावर कुठलं कापड घालायचं याची चर्चा करायचा. निळं की पांढरं, आणि बँडवाले कुठले. तेव्हा सगळे म्हणायचे, तिला कुठे काय कळतंय.

सगळं कळत होतं तिला. आता मला माहीत आहे ना. तिला एकूण एक शब्द ऐकू येत होता.

मला जन्मभर भीती वाटली ती याच एका गोष्टीची. मरणाची नाही. मरण काय, येतं आणि नेतं, वर गावभर जेवणं होतात. पण जिवंतपणी टेबल होऊन पडायचं, आणि लोकांनी आपल्यावर कोपरं टेकून गप्पा मारायच्या, याची मला इतकी धास्ती होती की बोलताना एखादा शब्द पटकन आठवला नाही तरी मी गिऱ्हाईक सोडून तोच आठवत बसायचे. रक्तदाबाची गोळी मी कधी चुकवली नाही. तरी झालं ते झालं.

आणि झालं तेही कुठे, तर सोंग करताना. मुकीचं सोंग!

मी अराबा एगीर. समुद्राकडच्या उतारावर नर्सिंग कॉलेजच्या फाटकासमोर केंके विकते. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, केळीच्या पानात बांधून उकडलेले, सोबत तळलेला मासा आणि असा झणझणीत ठेचा की पोरी नाक पुसत पुसत दुसरा मागतात. माझा केंके चांगला आहे, पण माझी जीभ त्याहून प्रसिद्ध. मासेमारीच्या होड्यांवरचे तांडेल माझ्याशी भाव करायला घाबरतात. एकदा नगरपालिकेचा माणूस माझं दुकान हलवायला आला होता, तो जाताना माफी मागून आणि दोन केंके घेऊन गेला.

ते भांडण कॉलेजच्या मॅडम क्वान्सांनी फाटकातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "अराबा, तू आमच्याकडे आजारी पडशील का?"

"मॅडम, सकाळी सकाळी शिव्या कशाला देता?"

हसल्या. मग समजावून सांगितलं. नर्स होणाऱ्या मुलींना सुई टोचता येते, पट्टी बांधता येते, पण माणसाशी बोलता येत नाही. 'कुठे दुखतं? कधीपासून? बरं, पुढची.' झालं. म्हणून आमच्यासारख्या बायाबापड्यांना पेशंट बनवून पलंगावर निजवायचं आणि मुलींनी आमच्याकडून काढून घ्यायचं, काय होतंय ते. आम्ही एकदम सांगायचं नाही. नीट विचारलं तरच सांगायचं.

ताईने कपाळावर हात मारला होता. "दुखण्याची नक्कल करू नये ग, दुखणं ऐकत असतं," म्हणाली. मी तिला उडवून लावलं. मला मजा येत होती. मी बाळंतीण झाले, पोटदुखी झाले, नवऱ्याचा मार खाऊन 'जिन्यावरून पडले' म्हणणारी झाले. माझं विव्हळणं ऐकून एक पोर खरीच रडली होती. मला तर वाटायला लागलं, मी केंके विकण्यात उगाच आयुष्य घालवलं.

एक नियम होता तिथे. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला पोटदुखीचं सोंग करता करता खरीच कळ आली. तो ओरडतोय, "अरे, मला संडासला जाऊ द्या," आणि पोरी कौतुकाने विचारतायत, "काका, संडासला कसं होतं?" शेवटी व्हायचं ते त्याच पलंगावर झालं. तेव्हापासून मॅडमनी ठरवलं की खरंच काही होत असेल तर आपलं खरं नाव मोठ्याने सांगायचं. सोंगातलं नाही, स्वतःचं. नाव ऐकलं की सगळं थांबणार.

सोपं होतं की. आपलं नाव कोण विसरतं?

या वेळी वर्षअखेरीची परीक्षा होती, आणि मॅडमनी मला जी बाई दिली ती ऐकूनच माझा चेहरा उतरला. बाईचं नाव श्रीमती आर्कोर्फुल. तिचं मूल गेलंय आणि तेव्हापासून ती बोललेली नाही. नर्सने जवळ बसायचं, आपलं नाव सांगायचं, विचारायचं आणि मग गप्प राहून वाट बघायची. बाईच्या वतीने आपणच उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचं नाही. वाट नीट पाहिली तर बाईने फक्त मान हलवायची. नाही पाहिली तर दगड.

"नको मॅडम," मी म्हटलं. "मला ओरडणारी द्या, पिसाळलेली द्या, पोटात जुळं असलेली द्या. ही नको."

"अगं, गप्प तर बसायचंय."

"तेच नको."

त्यांना आईचं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ते तोंडाने उच्चारावं लागलं असतं, आणि मला ते उच्चारायचीही भीती. डोक्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवली आणि मनात म्हटलं, देवा, हे माझ्यापासून लांब ठेव. आणि गेले. मॅडमना नाही म्हणवत नाही, काय करणार.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच डोकं ठणकत होतं. हरमॅटनचं कोरडं वारं सुटलं होतं, सगळ्यांचीच डोकी दुखत होती, म्हणून मी मनावर घेतलं नाही. एक छोटी खोली, पलंग, खुर्ची, कोपऱ्यात टेबलाशी परीक्षक. डॅडझीसर नावाचे गृहस्थ, बाहेरून आलेले, इस्त्रीचा शर्ट. पोरं एकेक करून आत यायची, घंटा झाली की जायची.

पहिली आली, उभ्याउभ्याच बोलली. दगड. दुसरी माझ्या हातावर हात ठेवून इतकी भराभरा बोलायला लागली की माझ्या गेलेल्या मुलाबद्दल तिनेच मला सगळं सांगून टाकलं. दगड. एक उंच मुलगा आला, त्याने बायबलातलं काहीतरी म्हटलं आणि घड्याळाकडे बघत बसला. गप्प बसणं मला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. लोक आपल्याशी बोलतायत, आणि आपण आतून बघतोय. मला सारखी आईची खोली दिसत होती. मी मनातल्या मनात माझं नाव घोकत होते. अराबा, अराबा एगीर. कधीही म्हणता येईल. म्हटलं की संपलं.

तो उंच मुलगा गेला आणि माझ्या लक्षात आलं की उजवा हात झोपलाय. एकाच अंगावर कलून बसले म्हणून असेल. हलवायला गेले. हात चादरीवर तसाच पडून राहिला. माझ्याकडे बघत होता जणू, तू कोण म्हणून.

मी डॅडझीसरांकडे वळले. पाणी मागायचं होतं. खोटं कशाला बोलू, पाणी नव्हतं मागायचं. माझं नाव सांगायचं होतं. तोंड उघडलं.

"बा," मी म्हणाले. "बा बा."

सरांनी वर पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हसून हळूच म्हणाले, "मावशी, छान चाललंय. पण ही बाई बोलत नाही. आवाजसुद्धा नको."

मी पुन्हा प्रयत्न केला. नाव आत होतं. स्पष्ट होतं, मला दिसत होतं. मंगळवारी जन्मलेल्या मुलीचं नाव, दर मंगळवारी आजी ज्या नावाने हाक मारायची ते. ते घशापर्यंत यायचं आणि तिथे दुसरंच काहीतरी होऊन बाहेर पडायचं. बा. त्या क्षणी मला कळलं काय झालंय ते. एवढी गारठले मी की वाटलं, कुणी समुद्रात बुडवलं. आईचं आलं. मला शोधत आलं, आणि आलं तेही अशा खोलीत, जिथे माझं गप्प बसणं बघून लोक खूश होतायत.

घंटा झाली. दार उघडलं आणि झिफा आत आली.

खरं सांगू, ही मुलगी मला आवडायची नाही. व्होल्टा नदीच्या पलीकडची, एवे लोकांची. आमची फान्ते भाषा अशी मोडून बोलायची की एकदा माझ्या दुकानात येऊन 'मासा' म्हणायच्या जागी 'सासरा' मागितला होता. मी म्हटलं होतं, "सासरा तळून देऊ की शिजवून?" सगळं फाटक हसलं होतं. तेव्हापासून ती बोटाने दाखवायची आणि पैसे ठेवून निघून जायची.

ती खुर्ची ओढून बसली. माझे डोळे आणि तिचे डोळे एका रेषेत आले. "माझं नाव झिफा," ती सावकाश म्हणाली. "मी तुमच्याजवळ बसते. चालेल?"

मी तिच्याकडे बघत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कोपऱ्यात डॅडझीसरांचं पेन चाललेलं ऐकू येत होतं. अरे मेल्या, लिहितोस काय! मेलास तरी मी तुला केंके देणार नाही!

झिफा काही बोलली नाही. वाट बघत राहिली. सगळ्यांत ती एकटीच वाट बघत होती, आणि आता मला मान हलवायचं सुचत नव्हतं. मग तिने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, उजव्या हातात धरला, डावा हात उजव्या मनगटाला लावला, जसा मोठ्या माणसाला द्यायचा असतो तसा, आणि पुढे केला.

मी तो डाव्या हाताने घेतला.

आता हे तुम्हाला कसं सांगू? आमच्याकडे डावा हात पुढे करणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. डाव्या हाताने ना द्यायचं, ना घ्यायचं, ना रस्ता दाखवायचा. मागे एकदा उकळत्या हंड्याने माझा उजवा हात भाजला होता, पट्टी होती, तेव्हा गिऱ्हाईकाला केंके देताना दर वेळी आधी म्हणायचे, "डाव्या हाताची माफी असू दे." लहान पोरालाही म्हणायचे. माझी पट्टी समोर दिसत असतानाही म्हणायचे. ते म्हटल्याशिवाय हात पुढेच येत नाही आमचा.

झिफाचा चेहरा कसनुसा झाला. साहजिक आहे. तिला वाटलं असणार, म्हातारी परीक्षेतही माझा अपमान करतेय. कोपऱ्यात सर खूश. 'पेशंट चिडलेली, फार उत्तम,' असंच काहीतरी लिहीत असणार.

पण ती खुर्चीवरून उठली नाही. माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. मग माझ्या उजव्या हाताकडे. मी प्यायला गेले तर पाणी हनुवटीवरून लुगड्यात सांडत होतं.

"मावशी," ती म्हणाली. "दुसरा हात."

मी बघत राहिले.

"दोन्ही हात वर करा. माझ्यासारखे."

डावा वर गेला. पेला खाली पडला. उजवा नाही गेला.

झिफा वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, ह्या नाटक नाही करत."

"उमेदवाराने परीक्षकाशी बोलायचं नाही," डॅडझीसर म्हणाले. "वेळ चाललाय तुझा. पेशंटशी बोल."

"सर, त्यांनी डाव्या हाताने घेतलं."

"घेतील. दुःखात आहे ती बाई. तेच तर तिला सांगितलंय."

"दुःखात असली म्हणून काय झालं? माफीसुद्धा नाही मागितली! डोळ्यांनीसुद्धा नाही! सर, ह्या फाटकावरच्या अराबामावशी आहेत. मी ओळखते ह्यांना. माझ्याशी कितीही वाईट वागल्या तरी सुटे पैसे मला कायम उजव्या हाताने देतात!"

"तू आता बाहेर गेलीस तर हा प्रश्न गेला," सर म्हणाले. "शून्य मिळेल. विचार कर."

ती थोडी घुटमळली. मी ते पाहिलं. तिच्या घरी तिच्या परीक्षेवर कोण कोण डोळे लावून बसलं असेल, मला काय माहीत. मी मनात तिच्या पाया पडत होते. जाऊ नकोस. जा. जाऊ नकोस मला सोडून. जा, कुणालातरी बोलाव. देवा, कळू दे हिला.

तिने दार उघडलं आणि आमच्या भाषेत, तिच्या त्या मोडक्या भाषेत, व्हरांड्यात एवढ्या जोराने हाक मारली की परीक्षेसाठी रांगेत बसलेली पोरं उठून उभी राहिली. "अराबा मावशी मरते! अराबा मावशी मरते!" 'आजारी' हा शब्द काही तिला आठवला नव्हता.

माझं नाव मला सांगता आलं नाही. तिने सांगितलं. सगळं थांबलं.

तेव्हापासून मी इथे आहे. डॉक्टर बरा आहे, तरुण आहे. तो ताईला म्हणाला, लवकर आणलंत, हात थोडा येईल, बोलणंही येईल कदाचित, पण रोज करून घ्यावं लागेल, इथे ठेवा. ताईने मान डोलावली. तो गेल्यावर म्हणाली, "कदाचित म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत नाही."

ताई वाईट नाही हो. रात्रंदिवस इथेच आहे, माझं सगळं करतेय, नाक मुरडत नाही. तीही भ्यालीय. तिनेही आईला पाहिलंय. पण भ्याली की ती माझ्याशी बोलायचं सोडून माझ्याबद्दल बोलते, आणि जितकी बोलते तितकी मी आत आत जातेय. दोन दिवसांपूर्वी मी तिच्याकडे बघून डोळे मिटले-उघडले, खूप वेळा. तर म्हणाली, "झोप आलीय तिला." आणि पडदा ओढला. काल डीकनबाई म्हणाल्या, अराबाचं दुकान कुणाला तरी द्यायला हवं, जागा मोक्याची आहे. माझ्या देखत! ताई नको म्हणाली नाही.

आणि मला आता असं व्हायला लागलंय की मीसुद्धा आतून कमी ओरडते. याची भीती सगळ्यांत जास्त आहे. आईही सुरुवातीला ओरडत असेल. कधी थांबली असेल?

"खाण्याचं काय करतील तिथे?" डीकनबाई विचारतायत.

"उपास असतो पहिले काही दिवस. हिला काय, भूक लागलीय की नाही तेही कळत नाही," ताई म्हणाली.

तेवढ्यात पडद्याआडून झिफा आली. गणवेश नव्हता अंगावर, साधा फ्रॉक. हातात संत्री. ताईने तिला बसायला सांगितलं, तिचे आभार मानले, परीक्षेचं विचारलं. "परत द्यायचीय," झिफा म्हणाली आणि विषय तिथेच सोडला. तिने इकडे तिकडे पाहिलं, स्टूल रिकामं नव्हतं, तेव्हा ती सरळ माझ्या पलंगापाशी जमिनीवर गुडघ्यांवर बसली. डोळे एका रेषेत आले.

"मावशी, मी झिफा. कशा आहात?"

"तशीच आहे," ताई म्हणाली. "काही फरक नाही. उद्या छावणीत नेतोय आम्ही."

झिफाने मान वळवली नाही. "मावशी, तुम्हाला जायचंय का तिकडे?"

"अगं, तिला काय विचारतेस, तिला..."

"ताई," झिफा म्हणाली, आवाज नम्र होता पण हलली नाही, "मी मावशींना विचारलंय."

आणि ती वाट बघायला लागली.

मी सगळी शक्ती गोळा केली. नाही. एवढाच शब्द हवा होता. नाही, नाही जायचं. लहान मूल पहिल्यांदा शिकतं तो शब्द. मी तो धरला आणि ढकलला. "बा." पुन्हा. "बा... म..." घाम फुटला मला. मान हलवायला गेले तर ती भलतीकडेच कलली. डीकनबाई कुजबुजल्या, "बघवत नाही हो." झिफा तशीच. तिने 'राहू दे' म्हटलं नाही, 'दमू नका' म्हटलं नाही. कुणी इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघत थांबलंच नव्हतं इथे आल्यापासून.  आता नाही आला शब्द, तर उद्या गाडी. गाडीनंतर झाड. झाडाखाली ताई माझ्या वतीने काय काय कबूल करेल देव जाणे.

शब्द येत नव्हता.

"बघितलंस?" ताई रडवेल्या आवाजात म्हणाली. "आत कोणी नाही ग आता. उगाच कशाला छळतेस तिला? ती म्हणतेय, न्या मला. माझी बहीण आहे, मला कळतं तिचं. ती म्हणतेय की..."

"गप!"

ताई थांबली. डीकनबाईंनी छातीवर हात ठेवला. मीच दचकले. तो माझा आवाज होता. फाटका, घोगरा, पण माझा. मी शोधत होते तो शब्द हा नव्हताच. हा कुठून आला ते मला माहीत नाही. जन्मभर फाटकावर जो सगळ्यांत जास्त वापरला, तोच जिवंत राहिला असेल.

 मग ताई ताडकन उठली.

"मला गप म्हणतेस? मला? मोठ्या बहिणीला? रात्रंदिवस तुझं हगणंमुतणं काढते, चर्चच्या बाईसमोर मला गप म्हणतेस, अराबा? लाज वाटत नाही? लहानपणापासून अशीच आहेस तू! आईसुद्धा म्हणायची! तोंड बघ, तोंड बघ कसं केलंय! बोल ना आता, बोल, अजून काय म्हणायचंय तुला?"

ती माझ्यावर ओरडत होती. माझ्याकडे बघून, माझं नाव घेऊन, बोट नाचवून. टेबलावर कोणी असं ओरडत नाही. मला हुंदका आला आणि तिलाही आला, पण ती ओरडायची थांबली नाही.

"मावशी," झिफाने खालून विचारलं, "छावणीत जायचंय?"

ताई तोंड उघडून काही म्हणणार होती. तिने ते मिटलं, खाली बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.